चिवट पेशी आणि वडिलांचं ताट

विंडवर्ड, कॅरियाकू
१४ जानेवारी २०१४

प्रिय क्लोटिल्ड ताई,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा उशिरा पाठवतो आहे. सोबतची बातमी चांगली नाही, आणि वाईट बातमीची घाई मी कधी करत नाही. रक्तातला आकडा पुन्हा चढला आहे. ऑगस्टमध्ये थोडा चढला होता, डिसेंबरमध्ये बराच. ग्रेनाडाच्या डॉक्टरनं कागद असा काही माझ्यापुढे सरकवला, जणू मी परीक्षेत नापास झालो होतो. म्हणाला, "मिस्टर पत्रीस, प्रोस्टेटचा कर्करोग परत आलेला दिसतो." मी विचारलं, "परत आला म्हणजे? गेला कुठे होता?" त्यावर त्यानं पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

दोन वर्षांपूर्वी मी बार्बाडोसला भाड्याच्या खोलीत राहिलो, रोज सकाळी तडस लागेस्तोवर पाणी प्यायलो आणि त्या किरणांच्या यंत्राखाली मुकाट आडवा झालो, हे तुला ठाऊक आहे. तंत्रज्ञ पोरगी म्हणायची, "हलू नका हं, आजोबा." मी हललो नाही. म्हणजे माझ्याकडून कसूर झालेली नाही. आता ते म्हणतात, त्रिनिदादला जा, सुईनं आतले तुकडे काढून तपासू, मग इंजेक्शनं देऊ, मग पुढचं बघू. मी जाणार नाही. यंत्र हरलं, एवढं त्यांनी कबूल करावं म्हणजे झालं.

अंगणात नाव उभी आहे. फासळ्या पांढऱ्या सीडरच्या आहेत, एका बाजूच्या फळ्या बसल्या आहेत. ऑगस्टच्या शर्यतींपूर्वी ती मी पाण्यात ढकलणार, आणि ढकलताना या दोन पायांवर पुरा पुरुष म्हणून उभा असणार. नंतरचं नंतर.

तू आयुष्यभर ह्याच पेशी बाटल्यांत वाढवल्यास. मला एवढंच सांग, की माझ्या पेशी मेल्या का नाहीत? सांत्वन पाठवू नकोस. वडील गेले तेव्हा तुला ते जमलं नव्हतं, आता म्हातारपणी शिकायला बसू नकोस.

तुझा,
ऑर्मंड


सेंट ऑगस्टिन, त्रिनिदाद
२ फेब्रुवारी २०१४

प्रिय ऑर्मंड,

सांत्वन नको म्हणालास, त्यामुळे आपल्या दोघांचाही वेळ वाचला. तुझ्या प्रश्नाचे उत्तर देते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. किरण पेशीला जाळत नाहीत. प्रत्येक पेशीच्या गाभ्यात तिच्या वंशाची सारी माहिती धारण करणारे दुपदरी सूत असते, ते किरण तोडतात. एक पदर तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले तर सांधणे कठीण होते, आणि न सांधता ती दुभंगू लागली तर त्या प्रयत्नातच मरते. म्हणजे वधाचे काम आपण अर्धेच करतो. उरलेले अर्धे पेशी स्वतः, वाढण्याच्या हव्यासापोटी करते.

माझ्या प्रयोगशाळेत आम्ही प्रोस्टेटच्या कर्कपेशी बाटलीच्या तळाशी वाढवत असू आणि त्यांना किरण देत असू. बहुतेक मरत. ज्या थोड्या उरत त्यांना पोषण देऊन वाढू देत असू, आणि बाटलीचा तळ भरला की पुन्हा किरण. वर्षभर हे चाले. शेजारी त्याच कुळातील, किरण कधीही न पाहिलेल्या पेशींची बाटली तुलनेसाठी ठेवलेली असे, कारण तुलनेवाचून काहीही सिद्ध होत नाही. वर्षाअखेरीस पहिल्या बाटलीत जी प्रजा उरे, ती पूर्वीच्या मात्रेला फारशी जुमानत नसे.

याला लोक "पेशी शिकल्या" असे म्हणतात. हा शब्द मी विद्यार्थ्यांना वापरू दिला नाही. शिकण्यासाठी चूक करून जिवंत राहावे लागते, आणि येथे ज्या चुकल्या त्या उरल्याच नाहीत. तथापि केवळ निवड झाली असे म्हणून थांबणेही अपुरे आहे. वाचलेल्या पेशी पूर्वीसारख्या राहत नाहीत. त्यांच्यातील सांधणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. काही दुभंगण्यापूर्वी थबकतात आणि दुरुस्ती पुरी झाल्याखेरीज पुढे जात नाहीत. काही गाठीच्या अशा कोपऱ्यात राहतात जिथे प्राणवायू जेमतेम पोहोचतो, आणि प्राणवायूवाचून किरणांचा घाव पक्का होत नाही. पुष्कळशा तर मरण्याची जी आज्ञा प्रत्येक पेशीला जन्मतः मिळालेली असते, तीच ऐकेनाशा होतात.

तुझ्या बाबतीत असेच काही घडले असावे, असा माझा अंदाज आहे. परंतु "यंत्र हरले का" हा तुझा प्रश्न चुकीचा आहे. योग्य प्रश्न असा, की उरलेल्या पेशी अजून ग्रंथीच्या आतच आहेत, की बाहेर पडल्या आहेत? आत असतील तर त्यांचा निकाल लावण्याची संधी आहे. एकदा हाडांत शिरल्या की ती संधी संपते, आणि मग तुझे मरण लांबवता येईल, टाळता येणार नाही. कोणती स्थिती आहे हे सुई टोचल्यावाचून आणि तपासणीवाचून कळणार नाही. आकड्याचा चढ पाहता ही मुदत महिन्यांची आहे. इकडे ये. माझ्या घरी खोली रिकामी आहे.

क्लोटिल्ड


विंडवर्ड
११ मार्च २०१४

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग मिस ऑलिव्हच्या रमच्या दुकानात घेऊन गेलो. कार्निव्हल उरकला होता, सगळे कफल्लक होऊन बसले होते, ऐकायला माणसं आयती मिळाली.

सिप्रियन म्हणाला, "सुई बिलकूल टोचून घेऊ नकोस. टोचली की आत हवा जाते, आणि हवा लागली की तो उधळतो. माझ्या मेव्हण्याला टोचलं, ईस्टरला पुरला."

मी म्हणालो, "तुझा मेव्हणा चर्चच्या छपरावरून पडून मेला, सिप्रियन. मीच त्याची पेटी बनवली."

"हो, पण टोचल्यानंतरच ना मेला!"

ह्यावर दुकानात एकमतानं माना हलल्या. मग मिस ऑलिव्ह गल्ल्यामागून म्हणाली, "काय रे ऑर्मंड, त्या यंत्रानं म्हणे बोकडाचा खच्ची बोकड होतो. खरं की काय?"

मी म्हणालो, "माझ्या बायकोला, वर्लीनला विचार. माझे उपचार अर्ध्यावर आले होते तेव्हा ती मला भेटायला बार्बाडोसला आली होती. दोन्ही रात्री घरमालकिणीनं पलीकडून भिंत ठोकली."

असा हशा पिकला की ऑलिव्हनं मला एक पेला फुकट दिला. अशी वेळ क्वचित येते.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. वडिलांनी आपल्या दोघांना एकाच टेबलावर वाद घालायला शिकवलं, तेव्हा ह्या तुझ्याच दोरीची गाठ तुझ्याच गळ्याशी आणतो. तू म्हणतेस, जगल्या त्या चिवट. ठीक. दुसरा हल्ला केला की त्यातून जगतील त्या आणखी चिवट. तिसऱ्यातून आणखी. म्हणजे प्रत्येक उपचार शत्रूमधले दुबळे तेवढे वेचून मारतो आणि पहिलवान राखून ठेवतो. मग लढणं म्हणजे शत्रूला कसरत शिकवणं झालं. तेव्हा न लढणं हेच शहाणपण. ह्यातलं कुठलं विधान खोटं आहे ते दाखव. नाही दाखवता आलं, तर मला सुखानं फळ्या ठोकू दे.

ऑर्मंड


सेंट ऑगस्टिन
३० मार्च २०१४

प्रिय ऑर्मंड,

तुझे अनुमान रचनेने सुबक आहे. म्हणूनच ते धोकादायक आहे.

तुझा दोष असा. मी लिहिले होते, की या पेशी किरणांपुढे चिवट होतात. तू ते "सर्वांपुढे चिवट" असे वाचलेस. बर्फात तगणारा प्राणी वणव्यात तगेल असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट, एका शस्त्रापुढे टिकण्यासाठी पेशी ज्या गोष्टीवर विसंबते, तीच तिची नवी दुखरी जागा असते. ती कोणती हे शोधणे, एवढ्यासाठीच मी चाळीस वर्षे बाटल्या धुतल्या.

प्रोस्टेटच्या पेशींबाबत ही जागा आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. त्या पुरुष-संप्रेरकावर पोसल्या जातात हे जुने ज्ञान आहे. अलीकडे कळलेली गोष्ट अशी, की तेच संप्रेरक तुटलेले सूत सांधणाऱ्या कारागिरांनाही कामावर बोलावते. किरणांनी मोडतोड केली, की संप्रेरकाची हाक जाते आणि कारागीर हजर होतात. हाक बंद केली तर मोडतोड तशीच राहते. किरणांच्या जोडीने दरमहा इंजेक्शन देऊन हे संप्रेरक थांबवायचे असते, त्यामागचे एक कारण हे. तुलाही ती इंजेक्शने सांगितली होती. तू ती घेतलीस असे तू मला त्या वर्षी लिहून कळवलेस.

येथेच माझी अडचण सुरू होते. इंजेक्शने चालू असताना तुझ्या पेशी इतक्या संख्येने वाचल्या असतील, तर त्या असाधारण आहेत. मी गेले दोन महिने तसेच समजून चालले होते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याविषयी मला थोडे कौतुकही वाटू लागले होते. पण मग मी तुझे पत्र पुन्हा वाचले आणि त्या घरमालकिणीपाशी थांबले.

ती इंजेक्शने घेणाऱ्या पुरुषाची इच्छा काही आठवड्यांत ओसरते आणि शक्तीही जाते. याला अपवाद फार थोडे. उपचार अर्ध्यावर असताना इंजेक्शने चालू असती, तर त्या भिंतीला कोणी हात लावला नसता.

तेव्हा तुझी दोन विधाने माझ्यासमोर आहेत. पहिले, की तू इंजेक्शने घेतलीस. दुसरे, भिंत. ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कोणते मागे घेतोस ते कळव.

क्लोटिल्ड


विंडवर्ड
१२ एप्रिल २०१४

ताई,

भिंत मागे घेणार नाही.

हो, किरणांच्या दोन महिने आधी पहिलं इंजेक्शन घेतलं, नंतरची नाही. आणि मान खाली घालून हे लिहीत नाहीये. आधी काय झालं ते ऐक, मग न्यायाधीश हो.

पहिल्या इंजेक्शननंतर तीनच आठवड्यांत माझ्या अंगातून अशा वाफा निघायला लागल्या, की बसमध्ये शेजारची बाई वर्तमानपत्रानं मला वारा घालायला लागली. पाव विकणारीनं विचारलं, "आज दोन पाव की एक?" आणि मी रडायला लागलो. पावासाठी! मी, ज्यानं बापाला खांदा देताना डोळा ओला केला नाही. मग एका रात्री वडील स्वप्नात आले. विंडवर्डच्या घरात, आपल्याच टेबलाशी, रविवारचा काळा कोट घालून बसले होते. पुढे ताट होतं. रिकामं. काटा-सुरी दोन्ही बाजूंना सरळ लावलेली. माझ्याकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.

मी उठलो ते समजूनच उठलो. घरात पुरुष उरला नाही, म्हणून ताट रिकामं. त्यांनी बोलायची गरज नव्हती. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मी दवाखान्याऐवजी समुद्रावर गेलो. यंत्राखाली मात्र रोज गेलो, एक दिवस चुकवला नाही. तुला खरं लिहिलं नाही, कारण तू बापाच्या स्वप्नाला पुरावा मागितला असतास.

तू चाळीस वर्षांत ह्या बेटावर किती वेळा आलीस? त्यांच्या थडग्यावर दगड बसवला, सगळं गाव जेवलं, ढोल वाजले, आणि थोरली मुलगी परिषदेला गेली होती. मेलेल्या आईबापासाठी जेवणाचं ताट थोरल्या अपत्यानं ठेवायचं ही आपल्या घरची रीत. तू ठेवलं नाहीस, आणि तू असताना मी ठेवणं बरोबर नव्हतं. म्हणून आजवर ते ताट कुणीच ठेवलेलं नाही. आता सांग मला कारागिरांच्या गोष्टी.

ऑर्मंड


सेंट ऑगस्टिन
२० एप्रिल २०१४

प्रिय ऑर्मंड,

मी स्वप्नाला पुरावा मागणार नाही. तू म्हणतोस ते पाहिलेस, हे गृहीत धरते. वडील आले होते, हेही वादापुरते गृहीत धरते. आता त्या गृहीतांवरून पुढे जाऊ.

आपल्या बेटावर मृत माणसे स्वप्नात येतात तेव्हा काय मागतात? जेवण मागतात. रम मागतात. थडग्यावर दगड मागतात, तो वाकडा बसला असेल तर नीट करून मागतात. आजी आली होती तेव्हा तिने कॉफी मागितली होती, आणि आईने ती दुसऱ्याच दिवशी उंबऱ्यावर ओतली. या संपूर्ण बेटाच्या आठवणीत एका तरी मृताने कोणाला औषध बंद करायला सांगितले आहे काय? नाही. तो त्यांचा अधिकारच नाही. ते भुकेविषयी बोलतात, कारण भूक त्यांची स्वतःची असते.

वडिलांनी तुला रिकामे ताट दाखवले. विंडवर्डमधील कोणत्याही पोराला विचार, रिकाम्या ताटाचा अर्थ काय. ते सांगेल, म्हातारा भुकेला आहे. हा इतका सरळ अर्थ तुला दिसला नाही, कारण त्या आठवड्यात तुला इंजेक्शन टाळण्यासाठी साक्षीदार हवा होता, आणि जो उलटतपासणीला उभा राहू शकत नाही असा साक्षीदार तू निवडलास. वडिलांनी हा पुरावा ऐकूनही घेतला नसता.

आता पेशींविषयी. तुझ्या पेशी असाधारण आहेत असे मी म्हणाले होते. ते विधान मी मागे घेते. त्या पहिलवान नव्हत्या, त्यांना रोज मदत मिळत होती. तू रोज सकाळी यंत्राखाली जे तोडून घेतलेस, ते रोज दुपारी तुझ्याच रक्ताने सांधून दिले. यंत्र हरले नाही. तू दोन्ही बाजूंनी लढत होतास.

यातून निघणारी एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. कारागीर हजर नसताना या पेशी किरणांपुढे किती टिकतात, हे अजून कोणी तपासलेलेच नाही. मी येथील डॉक्टरांशी बोलले आहे. रोग ग्रंथीतच असल्याचे ठरले, तर आधी इंजेक्शने देऊन हाक बंद करायची, आणि मग तांदळाच्या दाण्यांएवढे किरणोत्सारी कण थेट ग्रंथीत बसवायचे, असा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट तुझ्या विरुद्ध आहे, आणि ती लपवणे मला शक्य नाही. अर्धवट लढाईतूनच आम्ही बाटलीत चिवट प्रजा तयार करत असू. गेल्या दोन वर्षांत तुझ्या पेशींपैकी काही खरोखरच तशा झाल्या असतील. तुझ्या मार्चच्या युक्तिवादात एवढे सत्य होते. शिवाय संप्रेरकावाचून जगायलाही काही पेशी कालांतराने सरावतात. म्हणून मी तुला विजयाचे वचन देत नाही. त्यांना फुकट काही मिळू देऊ नये, एवढेच म्हणते. तू त्यांना दोन वर्षे फुकट दिलीस. तिसरे देऊ नकोस.

क्लोटिल्ड


विंडवर्ड
३ मे २०१४

ताई,

तुझं पत्र वर्लीननं माझ्याआधी वाचलं. वाचून झाल्यावर तिनं माझी बॅग खाटेवर काढून ठेवली. तुझ्या सगळ्या तर्कापेक्षा ते मला जड गेलं.

मी सुई टोचून घेतो. इंजेक्शनंही घेतो, ह्या वेळी सगळी. पण माझी अट आहे. वडिलांचं ताट तू ठेवायचं. इथं येऊन, स्वतःच्या हातानं रांधून. रिकाम्या ताटाचा अर्थ भूक असा तूच सिद्ध केलास, मग भुकेल्याला वाढणं कुणाच्या अंगावर येतं तेही तुझ्याच तर्कानं बघ. विश्वास नसला तरी चालेल. माझाही तुझ्या इंजेक्शनवर नाही.

ऑर्मंड


सेंट ऑगस्टिन
१० मे २०१४

ऑर्मंड,

तुझी अट तर्काला धरून नाही. मान्य आहे. तू जूनमध्ये ये, मी ऑगस्टमध्ये येईन.

क्लोटिल्ड


विंडवर्ड
१९ ऑक्टोबर २०१४

प्रिय ताई,

ते कण आत बसून आता महिना झाला. लघवीला तासातासाला उठावं लागतं आणि उन्हात बसलो की गुंगी येते, बाकी ठीक. आकडा पार तळाला गेला आहे. वर्लीन नाचली. मी तिला म्हणालो, थांब, ताई म्हणेल इंजेक्शन चालू असताना तो उतरतोच, ह्यातून काही सिद्ध होत नाही. बरोबर ना? खरं काय ते इंजेक्शनं थांबल्यावर, दोन-तीन वर्षांनी कळेल, हे तुझ्या डॉक्टरनंही सांगितलं. सुईच्या तपासणीत सगळं ग्रंथीच्या आतच निघालं, हाडं स्वच्छ निघाली, तेव्हा तूही त्याच्या टेबलाची कड घट्ट धरली होतीस. मी पाहिलं. कुणाला सांगणार नाही.

वाफा अजून येतात. परवा ऑलिव्हच्या दुकानात एक वाफ आली तेव्हा मी सरळ तिच्या पेटीतला बर्फ काढून मानेवर ठेवला. ती म्हणाली, "अगं बाई, हे तर आम्हा बायकांसारखं झालं!"

मी म्हणालो, "बायकांसारखंच. तुला पन्नाशीत आल्या, मला एकोणसत्तराव्या वर्षी. प्रोस्टेटचा कर्करोग आहे, इंजेक्शन घेतो, रात्री भिंत कुणी ठोकत नाही. आता ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्या, मी थांबतो."

कुणी हसलं नाही. मग बाहेर सिप्रियननं मला गाठलं आणि विचारलं, ती सुई फार दुखते का. मी म्हणालो, तुझ्या मेव्हण्याला विचार. तो म्हणाला, मलाही रात्रीत चारदा उठावं लागतं. त्याला लघवीला त्रास होतो हे मला तेव्हा कळलं. गुरुवारी त्याला ग्रेनाडाच्या बोटीत बसवलं, आणि तो मधेच उतरू नये म्हणून मीही शेजारी बसलो.

नावेला अजून शिडाची काठी नाही. शर्यती ह्या वर्षी माझ्याशिवाय झाल्या. पुढच्या वर्षी तशा होणार नाहीत.

आता एक विचारतो. ऑगस्टमध्ये तू वडिलांचं ताट घेऊन खोलीत गेलीस आणि दार लावून घेतलंस. रीत तशीच आहे, ठेवणाऱ्यानं एकट्यानं बोलायचं. पण लोक दोन वाक्यं बोलून बाहेर येतात. तू इतका वेळ आत होतीस की वर्लीननं तुझ्यासाठी पाणी आणून दाराशी ठेवलं. तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तू त्यांना काय सांगितलंस? सांगायची सक्ती नाही. पण माझ्याबद्दल होतं, एवढं मला वाटतं.

ऑर्मंड


सेंट ऑगस्टिन
२ नोव्हेंबर २०१४

प्रिय ऑर्मंड,

आकड्याविषयीचा तुझा निष्कर्ष बरोबर आहे. त्यातून अद्याप काहीही सिद्ध होत नाही. वर्लीनला मात्र नाचू द्यावे.

तू विचारलेस म्हणून सांगते. शंखातली गोगलगाय, आपली लांबी, पुरेशी कुटली गेली नाही असे वर्लीनचे मत होते, आणि ते मांस चामड्यासारखे राहिले हे मलाही मान्य करावे लागले. तुरीचे दाणे आणि मक्याचे गोळे बरे झाले होते. मी ताट टेबलावर ठेवले, काटा-सुरी लावली आणि समोर बसले. उभ्याने बोलावे की बसून, हे मला माहीत नव्हते.

प्रथम मी त्यांना सांगितले, की तुम्ही ऐकत आहात असे मी मानत नाही, परंतु जो ऐकत नाही त्याच्यापुढेही मुद्दा नीट मांडावा ही सवय तुम्हीच लावली आहे, म्हणून मांडते. मग तुझ्या आजाराचा सारा वृत्तान्त सांगितला. कोणत्या पेशी का वाचल्या, कारागीर कोणाच्या हाकेवर येतात, आपण ती हाक कशी बंद केली, आणि कोणत्या ठिकाणी अजूनही आपला पराभव होऊ शकतो. काही वगळले नाही. वेळ त्यात गेला.

शेवटी मी म्हणाले, "बाबा, आता मी ठराव मांडते. ऑर्मंड जगेल. अनुमोदन माझेच आहे, कारण या खोलीत दुसरे कोणी नाही. त्याच्या शरीरात याला विरोध करणारे काही असतील, हे मला ठाऊक आहे. त्यांना या घरात मताचा अधिकार नाही. त्यांच्याखेरीज ज्या कोणाला विरोध करायचा असेल, जिवंत असो वा मृत, त्याने आत्ता बोलावे."

मी पुरेसा वेळ थांबले. बाहेर कोंबडा आरवला, ती हरकत म्हणून धरली नाही. दुसरे कोणीही बोलले नाही. मग मी ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले आणि दार उघडले.

क्लोटिल्ड